जन्म राजकोटचा, गोल इंग्लंडचा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी नात आठवीत आहे. शाळेच्या प्रश्नमंजूषेची तयारी करताना तिला मैत्रिणीने फोनवर आलेला एक मजकूर दाखवला : ‘इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा पहिला गोल एका भारतीयाने केला.’ तिचा विश्वास बसलाय, माझा बसत नाही. दोन दिवस घरात हाच वाद चालू आहे. खरं काय?
(एक आजोबा, कोथरूड)

उत्तर : गोल खरा आहे. राजकोटही खरं आहे. ‘भारतीय’ तेवढं खरं नाही.

त्या खेळाडूचं नाव विल्यम केन्यन-स्लेनी. जन्म २४ ऑगस्ट १८४७, राजकोट. वडील मुंबई इलाख्याच्या फौजेत, दुसऱ्या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कॅप्टन होते. काठियावाडात तेव्हा संस्थानं होती, पण त्यांच्यावर देखरेख मुंबई सरकारचीच होती. काळाचा अंदाज यावा म्हणून नातीला असं सांगा : जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, त्याच्या आदल्या वर्षीचा हा जन्म. आईवडील दोघेही इंग्रज. पुढे आईच्या माहेरची इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातली इस्टेट या कुटुंबाकडे आली आणि ‘केन्यन’ला ‘स्लेनी’ जोडलं गेलं. मुलगा ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकला, मग ऑक्सफर्डला गेला, १८६७ साली ग्रेनेडियर गार्ड्स या पायदळाच्या पलटणीत अधिकारी झाला. छावणीत जन्मलेली अशी कितीतरी गोरी मुलं आपल्या कॅम्पात आणि खडकीतही होती. बाप ज्या गावी चाकरीला, तिथे मूल जन्माला यायचं. त्यावरून त्याला भारतीय म्हणता येत नाही.

आता गोल. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा पहिला अधिकृत सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ पार्टिकच्या क्रिकेट मैदानावर झाला. तो ०-० सुटला. म्हणजे जगातल्या पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यात एकही गोल नाही! त्याआधी १८७०पासून लंडनमध्ये या दोन नावांनी काही सामने झाले होते आणि त्यांत गोलही झाले होते. पण त्यांतले ‘स्कॉटिश’ खेळाडू लंडनमध्ये किंवा आसपास राहणारे होते, म्हणून ते सामने हिशेबात धरत नाहीत. प्रश्नमंजूषेत कुणी याच मुद्द्यावर अडवलं, तर नातीला हे माहीत असू द्या.

दुसरा सामना ८ मार्च १८७३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला. आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे तेच ओव्हल. खेळ सुरू होऊन काही क्षण झाले नाहीत तोच केन्यन-स्लेनीने गोल केला. तोच इंग्लंडचा पहिला अधिकृत गोल आणि अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधलाही पहिलाच. इंग्लंड २-० असं पुढे गेलं, स्कॉटलंडने २-२ अशी बरोबरी साधली, मग केन्यन-स्लेनीने पुन्हा एक गोल केला, शेवटी चार्ल्स चेनरीने चौथा. निकाल ४-२. आपल्या पुण्यात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मी वर्गात या दोन तारखा नेहमी शेजारी शेजारी लिहायचे, म्हणजे मुलांना दोन्ही लक्षात राहायच्या.

आणि एक गोष्ट, जी त्या फोनवरच्या मजकुरात नसणार. स्कॉटलंडचा पहिला गोल याच सामन्यात झाला. तो करणारा हेन्री रेनी-टेल्युअर. त्याचा जन्म कुठला? मसुरीचा. पहिल्या दोन्ही गोलांच्या मागे आपल्याकडच्या छावण्या आहेत. हे कळलं तेव्हा मी नकाशा काढून राजकोटवर आणि मसुरीवर पेन्सिलीने टिंबं केली होती. याचा अभिमान बाळगावा असं मी म्हणणार नाही, पण इंग्रजांचा फुटबॉल आणि इंग्रजांचं राज्य एकाच घरात वाढलं, हे या दोन टिंबांवरून मुलांना जसं समजतं तसं भाषणातून समजत नाही.

नातीने उत्तर असं लिहावं : ‘विल्यम केन्यन-स्लेनी, इंग्रज खेळाडू, जन्म राजकोट.’ तिघांतलं एकही गाळू नये.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही जुन्या ‘हौशी’ खेळाडूंबद्दल फार आदराने लिहिलंत. पैसे न घेता खेळणारे मोठे आणि घेणारे लहान, हे मला पटत नाही. माझा मुलगा एका क्लबकडून मानधन घेऊन खेळतो. घरभाड्यात त्याची मदत होते. नातेवाईक त्याला टोमणे मारतात. तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या का?
(एक आई, चिंचवड)

उत्तर : नाही, मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. मागच्या वेळी माझं लिहिणं अपुरं राहिलं. आज नीट लिहिते, आणि वरच्याच खेळाडूचं उदाहरण घेते.

केन्यन-स्लेनी इंग्लंडकडून किती सामने खेळला? एक. त्यात दोन गोल केले आणि पुन्हा कधी त्या शर्टात उतरला नाही. त्याच महिन्यात, २९ मार्चला, वाँडरर्स संघाकडून त्याने एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची क्लबांसाठीची स्पर्धा, जिंकला. अंतिम सामना लिली ब्रिज मैदानावर सकाळीच उरकला, कारण त्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत होती आणि खेळाडूंना आणि प्रेक्षकांना ती पाहायला जायचं होतं! वाँडरर्स आधीचे विजेते, त्यामुळे त्यांना त्या वर्षी थेट अंतिम फेरीतच खेळायचं होतं. समोर ऑक्सफर्ड विद्यापीठ, निकाल २-०. पुढे १८७५ आणि १८७६ साली तो ओल्ड एटोनियन्सकडून, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून, अंतिम सामन्यांत खेळला. दोन्ही वेळा हार. क्रिकेटही खेळायचा, एमसीसी या लंडनच्या क्रिकेट क्लबकडून. १८८२ साली इजिप्तमध्ये तेल-अल-कबीरच्या लढाईत होता. १८८६पासून १९०८ साली मृत्यू येईपर्यंत श्रॉपशरच्या न्यूपोर्ट मतदारसंघाचा खासदार. मी शिक्षिका, म्हणून यातली एक गोष्ट मला जास्त जवळची : इंग्लंडच्या १९०२च्या शिक्षण कायद्यात एक कलम त्याच्या नावाने ओळखलं जातं. शाळेतल्या धर्मशिक्षणाचा ताबा एकट्या पाद्र्याकडे न ठेवता शाळेच्या सगळ्या व्यवस्थापकांकडे द्यायचा, असं ते कलम.

भरलेलं आयुष्य आहे, मी ते कमी लेखत नाही. खेळावर त्याचं प्रेमही खरंच असणार. प्रेम नसताना कुणी मार्चच्या थंडीत, चिखलात, आठ-आठ जण एकाच वेळी पुढे धावत आहेत अशा गर्दीत शिरत नाही. पण हेही पाहा, की त्याला खेळाचे पैसे लागतच नव्हते. इस्टेट होती, पलटणीतला हुद्दा होता, हाताशी वेळ होता. उलट त्याच १८७३च्या सामन्यासाठी स्कॉटलंडकडे सगळा संघ लंडनला पाठवण्याइतके पैसे जमले नाहीत. निम्म्याहून थोडे जास्त खेळाडू उत्तरेहून आले, बाकीचे लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश लोकांतून घेतले. रेल्वेचं भाडंच नसेल तर हौस कुठवर पोचणार?

मग दहा वर्षांनी, ३१ मार्च १८८३ रोजी, त्याच ओव्हलवर, त्याच ओल्ड एटोनियन्सना ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने एफए कपच्या अंतिम सामन्यात २-१ असं हरवलं. हे कापडगिरण्यांच्या गावचे लोक : विणकर, सूत कातणारे, लोखंडाच्या भट्टीवर काम करणारे. निर्णायक गोल करणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीतला कामगार होता. सामन्याआधी हा संघ काही दिवस ब्लॅकपूलला समुद्रकाठी जाऊन सराव करून आला होता, आणि कामगारांना हे परवडतं कसं, असे प्रश्न तेव्हा उठले. कामावरून सुट्टी घेतली की रोजची मजुरी बुडते, ती कुणीतरी भरून द्यायला नको का? हा वाद वाढत गेला आणि जुलै १८८५मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळायला रीतसर परवानगी दिली. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या संघांपैकी एकानेही एफए कप जिंकला नाही. मला विचाराल तर खेळ त्या दिवशी खऱ्या अर्थाने सगळ्यांचा झाला.

हे मी पुस्तकी नाही बोलत. माझे वडील खडकीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि खात्याच्या संघातून फुटबॉल खेळायचे. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजला की सायकलवरून थेट मैदानावर. बूट नव्हते, घोट्यांना आई जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधून द्यायची. तेही हौशीच. एकदा मुंबईला सामना होता, तर तीन दिवसांची बिनपगारी रजा टाकून पॅसेंजरने गेले आणि त्या महिन्यात आमच्या घरी साखर आली नाही. आई काही बोलली नाही. चहात गूळ घातला. वडील परतले ते उजव्या पायाचा अंगठा सुजवून, आणि जिंकून. मी सात वर्षांची होते. त्यांनी पदक माझ्या हातात दिलं तेव्हा मला ते फार जड वाटलं होतं.

केन्यन-स्लेनी आणि माझे वडील, दोघांनाही ‘हौशी’ हा एकच शब्द लागू होतो. मागच्या अंकात मी हा शब्द आदराने लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वडील होते, ते मी लिहायला हवं होतं. पण वडिलांना त्या तीन दिवसांची मजुरी कुणी दिली असती, तर त्यांच्या खेळाला कोणता डाग लागला असता? कोणताच नाही. तुमचा मुलगा मानधन घेतो आणि घरभाडं देतो. नातेवाइकांनी पुन्हा टोमणा मारला तर त्यांना जिमी कॉस्टलीचं नाव सांगा.

मुलाला माझा निरोप द्या : करारात जखमेचा खर्च कोण देणार हे लिहून घे. बाकी मन लावून खेळ.

प्रश्न : आमच्या शाळेत डिसेंबरात क्रीडासप्ताह असतो. यंदा मुलामुलींना जुन्या काळच्या नियमांनी एक सामना खेळवायचा विचार आहे. तो १८७३च्या ओव्हलसारखा कसा करता येईल? आमच्याकडे पक्के गोलपोस्ट नाहीत.
(एक क्रीडाशिक्षक, हडपसर)

उत्तर : नाहीत तेच चांगलं! तेव्हा ओव्हलवरही वर आडवा दांडा नव्हता. दोन खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेली फीत. दांडा वापरायची मुभा १८७५ साली मिळाली, सक्ती झाली १८८२ साली. जाळी तर त्याहून उशिरा, १८९१च्या सुमारास आली.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेतही दोन बांबू आणि सुतळी एवढंच होतं. सुतळी दुपारपर्यंत सैल पडायची, मधोमध झोळ यायचा, आणि मग ‘वरून गेला’, ‘खालून गेला’ यावरून मुली रडवेल्या होईपर्यंत भांडायच्या. शेवटी मी सुतळीला मध्ये मध्ये लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या. चेंडू लागला की चिंधी हलते, मग वाद मिटतो. तुम्ही तेच करा. खांबांमधलं अंतर ८ यार्ड, म्हणजे २४ फूट, आणि सुतळी जमिनीपासून ८ फुटांवर. ही मापं आजही तीच आहेत. मैदान लहान असेल तर दोन्ही त्याच प्रमाणात कमी करा.

प्रत्येक गोलानंतर संघांनी बाजू बदलायच्या, हा त्या वेळचा नियम. मुलांना तो फार आवडतो, कारण वारा आणि ऊन दोघांच्या वाट्याला येतं. गोलच झाला नाही तर मध्यंतराला बाजू बदला. पेनल्टी देऊ नका, ती १८९१ साली आली. मैदानात शिट्टीवाला पंचही नको. प्रत्येक संघाचा एक असे दोन पंच ठेवा, आणि क्रिकेटसारखं खेळाडूंनी अपील केलं तरच त्यांनी निर्णय द्यायचा. दोघांचं जमलं नाही तर बाहेर बसलेल्या तिसऱ्याला विचारायचं. त्या जागेवर तुम्ही स्वतः बसा.

ऑफसाइड ठरू नये म्हणून, सहकाऱ्याने चेंडू पुढे मारला त्या क्षणी खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तीन जण हवेत, आजच्यासारखे दोन नव्हे. हा एक नियम आदल्या दिवशी खडूने जमिनीवर काढून समजावा, नाहीतर सामना सारखा थांबेल. इंग्लंडला पांढरे शर्ट, स्कॉटलंडला गडद निळे. पांढऱ्यासाठी गणवेश चालेल, निळ्यासाठी पालकांना महिनाभर आधी चिठ्ठी पाठवा. बांबू मात्र हिरवे घेऊ नका, ते वाकतात.