चिंबोरी मृदुकाय संघात का नाही?

तिसरीला (शिंपल्यातला प्राणी) कवच, चिंबोरीलाही (खेकडा) कवच, माकुलाला (स्क्विड) वरून काहीच नाही. तरी तिसरी आणि माकुल मृदुकाय (मऊ अंगाच्या प्राण्यांच्या) संघात आणि चिंबोरी संधिपादांत (सांध्यांचे पाय असलेल्यांत), हे कसं, असं तुम्ही विचारलंय. मी प्राणिशास्त्र शिकवते. मुलंही नेमकी इथेच अडतात, कारण सगळ्यांचं लक्ष कवचावर असतं.

माकुल साफ करताना कोळीण आतून प्लॅस्टिकसारखी पारदर्शक पट्टी ओढून काढते, ती पाहिलीय ना? तेच त्याचं कवच, आत गेलेलं आणि झिजून उरलेलं. हॉटेलात ज्या रिंगा तळून देतात तो त्याचा प्रावार, म्हणजे अंगाभोवतीचं आवरण. तिसरीत हाच प्रावार पातळ पडद्यासारखा असतो आणि दोन्ही शिंपले तोच तयार करतो. तिसरी ज्या मांसल जिभेने वाळूत घुसते तो तिचा पाय. गोगलगाय त्याच पायावर सरकते. माकुलात भ्रूणावस्थेत त्याच भागापासून हात तयार होतात.

मृदुकायांची खूण कवच नव्हे, तर हा प्रावार आणि हा पाय. चिंबोरीत यातलं काही नाही. तिला सांध्यांचे पाय आहेत आणि कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं कवच हेच तिच्या शरीराचं बाह्य आवरण आहे. शिंपला कडेकडेने वाढत जातो. चिंबोरीचं कवच वाढत नाही, म्हणून तिला ते टाकावं लागतं आणि नवं कडक होईपर्यंत ती मऊ असते.

कवचाने भलेभले फसले. हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला पाय कापणारे पांढरे बार्नॅकल दिसतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने 1817 मध्ये त्यांना मृदुकायांत टाकलं होतं. 1830 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसनने त्यांच्या अळ्या कवचधारी संधिपादांसारख्या (चिंबोरी, कोळंबीच्या गटासारख्या) असल्याचं दाखवलं. हा प्राणी डोक्याने खडकाला चिकटतो आणि पायांनी अन्न आत ओढतो. डार्विनने 1846 ते 1854 ही वर्षं यांच्यावरच घालवली!

अंगावरच्या खंडांवरही, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या वळ्यांसारख्या भागांवरही, डोळे मिटून विसंबू नका. खंड पाहून गांडूळ आणि कोळंबी जवळचे मानले जायचे. 1997 मध्ये जनुकांच्या तुलनेतून कोळंबीचा संघ कात टाकणाऱ्या गोलकृमींच्या शेजारी गेला, तर गांडुळाचा मृदुकायांच्या बाजूला. म्हणजे गांडूळ कोळंबीपेक्षा तिसरीला जवळचं. मग दोघांना खंड वेगवेगळे आले, की फार जुन्या पूर्वजातच होते, यावर अजून वाद चालू आहे.