मानसशास्त्रात बीए केलंय, अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचं (बोलण्या-भाषेच्या अडचणींवरील उपचारांचं) मास्टर्स करता येईल का?

हो, येईल; फक्त राहिलेले पायाभूत विषय भरून काढावे लागतील. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या २०२० च्या मानकांनुसार मास्टर्सनंतरच्या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक किंवा वर्तनशास्त्र आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र लागतं. मानसशास्त्रवाल्यांचं हे शेवटचं राहून जातं, तेवढं आधी बघा. खरा कस लागतो तो क्लिनिकमध्ये: एकूण ४०० तास, पैकी २५ निरीक्षणाचे आणि ३७५ रुग्णांसोबत प्रत्यक्ष कामाचे. यातले किमान ३२५ मास्टर्स करतानाच पूर्ण करायचे असतात, त्यामुळे आत्तापासून तास जमवायची धावपळ करू नका. मात्र ध्वनिशास्त्र, श्रवणशास्त्र, भाषाविकास असे पूर्वविषय प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवतं. अर्जाआधी ती यादी नक्की तपासा.