नवी तुडतुड्याची जात सापडली असे वाटते, तेव्हा

ठाण्याजवळच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी दिव्यावर आलेला तुडतुडा (वनस्पतींचा रस शोषणारा, उड्या मारणारा छोटा कीटक) कोणत्याही छायाचित्राशी जुळत नाही, म्हणून ती नवी जात असावी, असे आपण कळवले आहे. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु न जुळणे म्हणजे नवे असणे नव्हे. भारतातील अनेक जातींची वर्णने ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली, आणि त्यांतील कित्येकींचे छायाचित्र आजही कुठे मिळत नाही. म्हणून आधी जुनी वर्णने वाचावीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रंगावर विसंबू नये. एकाच जातीत आखूड व लांब पंखांचे कीटक आढळतात, नर-मादीही वेगळे दिसतात, आणि खात्रीची ओळख बहुधा नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून होते. त्यामुळे केवळ मादी किंवा पिल्लू हाती असेल तर थांबावे. (एका पिल्लाला नवी जात समजून मी स्वतः आठवडाभर हवेत होतो.)

नवशिक्यांकडून हमखास राहून जाते ती नमुन्यासोबतची चिठ्ठी: ठिकाण, तारीख, संकलकाचे नाव आणि कीटक ज्या वनस्पतीवर होता तिचे नाव. दिव्यावर आलेल्याची यजमान वनस्पती (तो जिच्यावर जगतो ती) कळत नाही, तेव्हा दिवसा झुडपांवर पुन्हा शोध घ्यावा. मात्र येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडते. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून एकही नमुना उचलू नये, छायाचित्रे खुशाल काढावीत.

विच्छेदन, आकृत्या, नामकरणाचे नियम हे सारे पुढचे. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की नव्या नावासाठी एक नमुना मूलनमुना (ते नाव ज्याच्यावर आधारलेले असते तो) म्हणून नेमावा लागतो आणि तो संग्रहालयात जपला जावा लागतो. घरातल्या डबीत नव्हे.