लेकीला हाड ‘वाढवायचं’ शास्त्र शिकायचंय, पण घर माळकरी आहे

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय. बी.एस्सी. बायोटेकला आहे. कॉलेजातल्या एका व्याख्यानानंतर तिने ठरवलंय, की कोलॅजेन वापरून हाड आणि त्वचा पुन्हा वाढवण्याच्या क्षेत्रातच जायचं. आमचं घर माळकरी. हे कोलॅजेन म्हणजे शरीरातलं एक प्रथिन, आणि ते जनावरांच्या कातड्यातून काढतात असं कळलं. शिवाय यात नोकरी मिळते का, की सरळ बी.एड. करायला सांगू?
– एक पालक, मंगळवेढा

उत्तर : नमस्कार. माळेचा प्रश्न आधी घेतो. तो मिटल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

तुम्ही ऐकलं ते खरं आहे. वैद्यकीय वापराचं कोलॅजेन मुख्यतः गाय-बैल आणि डुकरांची कातडी, कंडरा यांतून काढतात. लॅबमध्ये उंदराच्या शेपटीतल्या कंडराही वापरतात. माशाच्या कातडीतूनही ते निघतं, पण तुमच्या घरात तेही चालणार नाही, आणि अडचण तिथे संपतही नाही. कोलॅजेनच्या आधारावर पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात बहुतेक ठिकाणी वासराच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम असतं. हाडासाठी तयार झालेला तुकडा माणसात बसवण्याआधी उंदराच्या कवटीत किंवा सशाच्या मांडीच्या हाडात बसवून पाहतात. प्राण्यांचा संबंध पूर्ण टाळून हे काम आज होत नाही. मुलीला हे आत्ताच कळायला हवं, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी नव्हे.

पण दुसरी बाजूही तिच्याकडून ऐकून घ्या. अमेरिकेत बर्क आणि यानस या दोघांनी १९८१ साली बैलवर्गीय कोलॅजेनची जाळी वापरून गंभीर भाजलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम त्वचा केली. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्या जाळीत शिरतात, नवी त्वचा धरते आणि जाळी हळूहळू विरून जाते. हाडाचंही तसंच. हाडातला जो भाग खनिज नाही, त्यातला सुमारे ९० टक्के कोलॅजेन असतो, म्हणून मोडलेल्या जागी त्याचाच आधार दिला की शरीर तो ओळखतं. शिवाय चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था चामडे उद्योगात उरलेल्या भागांतून कोलॅजेन काढण्यावर काम करते. त्यासाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही. हा फरक तुमच्या मनाला किती पुरतो, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

आता नोकरी. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फारसं काही नाही, एम.एस्सी. हवीच. त्यासाठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा गॅट-बी, यांपैकी एखादी प्रवेश परीक्षा द्यावी. भरमसाट फी घेऊन ‘रिजनरेटिव्ह’ असं भारी नाव लावलेल्या खासगी अभ्यासक्रमात पैसे घालू नका, हे मी ठामपणे सांगतो. पुढे नेट परीक्षा देऊन जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. कंपन्यांमध्ये जखमेची ड्रेसिंग, दातांच्या शस्त्रक्रियेत लागणारे पडदे अशी उत्पादनं होतात. तिथे नवं शोधणाऱ्यांपेक्षा तपासणी, गुणवत्ता आणि परवान्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची गरज जास्त असते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशा वस्तू जोखमीप्रमाणे चार वर्गांत मोडतात आणि शरीरात विरघळणाऱ्या वस्तूंवर सगळ्यात कडक नजर असते. मुलीने या कामाला दुय्यम समजू नये. रुग्णाचा जीव त्यावर असतो.

तिच्या अभ्यासाबद्दल एकच आग्रह धरतो : रसायनशास्त्र पक्कं करायला सांगा. कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. चेन्नईतच, मद्रास विद्यापीठात, १९५४ साली जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी तशी रचना मांडली. जनावरातून काढलेल्या कोलॅजेनची ही वेणी उष्णतेने सुटते आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणून पेड एकमेकांना रसायनांनी बांधावे लागतात, आणि त्यासाठी वापरलेलं ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन जास्त उरलं तर पेशीच मरतात. हा तोल साधायला नुसतं जीवशास्त्र पुरत नाही.

बी.एड. पदवीनंतर कधीही करता येईल, त्याची घाई नको. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुमारास असतात. तिला तो भरू द्या. मार्गदर्शक निवडताना पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), चेन्नईची चर्म संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था इथले बायोमटेरियलवर, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांवर, काम करणारे शास्त्रज्ञ आधी पाहावेत. निवड झाली तर लॅबमध्ये कोणते प्राणीज पदार्थ हाताळावे लागतील, हे तिने जाण्यापूर्वीच पत्राने विचारून घ्यावं.