सहा महिने कमी पैशांत फिरायचंय. जिम नाही, खाणं बाहेरचं. तब्येत कशी टिकवायची?

नोकरी सोडून सहा महिने भारतभर फिरणार आहात, रोजचा खर्च अगदी बेताचा ठेवणार आहात आणि तीन-चार वर्षं घाम गाळून कमावलेलं शरीर वाटेत घालवायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, "रोज भरपूर चालणं होईलच, तेवढं पुरेल ना?" तिथूनच सुरुवात करतो. नाही पुरणार. मलाही आधी पुरेल असंच वाटलं होतं.

मी नर्मदा परिक्रमा पायी केली. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरला परिक्रमा उचलली आणि चैत्रात तिथेच पूर्ण केली, १५२ दिवस. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटर तर होतातच, वर नाले, वळसे, चुकलेल्या वाटा. पैसे फार लागले नाहीत, कारण काठावरची माणसं परिक्रमावासीला उपाशी झोपू देत नाहीत. पण केवळ खर्च वाचतो म्हणून कुणी त्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या घरी स्वतःलाच जेमतेम पुरतं, तेही तिथे ताट वाढतात, आणि ते श्रद्धेपोटी. तुमचा प्रवास वेगळा असेल, तरी शरीराचे नियम तेच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी महेश्वरला पोचलो. नर्मदा जिथे समुद्राला मिळते तिथे बोटीने समुद्र ओलांडून उत्तर तटाला लागल्याला बरेच दिवस झाले होते, पाय यंत्रासारखे चालत होते, दम लागत नव्हता. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर सहज जोर मारायला वाकलो. लहानपणापासून तालमीची सवय, निघताना एका दमात चाळीस मारायचो. त्या दिवशी नवव्या जोराला दंड थरथरायला लागले आणि छाती दगडाला टेकली. दुसऱ्या दिवशी एका भुसार दुकानाच्या काट्यावर उभा राहिलो: ६४ किलो. निघालो तेव्हा ७१ होतो. पोट गेलं म्हणून मी इतके दिवस खूश होतो. खांदे आणि पाठही गेली होती, ते कळलंच नव्हतं.

कारण सरळ आहे. रोज वीस किलोमीटर पाठीवर ओझं घेऊन चालताना जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नव्हतं, आणि जे जात होतं त्यात प्रथिनं कमी. सकाळी चहा आणि बालभोगाला, म्हणजे न्याहारीला, पोहे, दुपारी टिक्कड (जाड रोटी) आणि पातळ डाळ, नाहीतर खिचडी, मध्ये चार ठिकाणी प्रेमाने दिलेला गोड चहा. अशा वेळी शरीर रोज वापरात असलेले पाय सांभाळतं आणि रिकामे बसलेले स्नायू मोडून खातं.

म्हणून आधी खाण्याचं बघा, व्यायामाचं नंतर. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या माणसाला साधारण ५८ ग्रॅम. मेहनत असेल तर त्याहून जास्तच. महेश्वरपासून मी एक गोष्ट ठरवून केली. मिळेल तो प्रसाद घ्यायचा, वेगळं काही मागायचं नाही, पण सॅकमध्ये स्वतःच्या पैशाचे हरभरे आणि शेंगदाणे कायम ठेवायचे. रात्री आसन लावलं, म्हणजे मुक्काम केला, की मूठ-दीड मूठ हरभरे लोट्यात भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून ओल्या पंचाच्या तुकड्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी सॅकच्या बंदाला बाहेरून लटकवायची. दिवसभरात कापड वाळलं की हापशावर पुन्हा ओलं करायचं. दुसऱ्या सकाळपर्यंत मोड डोकावतात. चुलीला जागा असेल तिथे मीठ घालून वाफवायचे. कच्चे खाऊ नका, प्रवासात पोट आधीच नाजूक असतं. पन्नास ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तेवढ्याच शेंगदाण्यांत बारा-तेरा, अर्धा लिटर दूध मिळालं तर आणखी सोळा. आठवड्याला हरभरे-शेंगदाण्यांचा खर्च शंभर रुपयांच्या आत राहायचा. तुम्ही अंडी खात असाल तर काम फारच सोपं: एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि उकडलेलं अंडं कुठल्याही स्टँडबाहेर मिळतं. बिहार-पूर्वांचलकडे गेलात तर सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, घेऊन ठेवा. पाणी, मीठ, लिंबू घातलं की पाच मिनिटांत पोटभरीचं होतं.

आता व्यायाम. मी आठवड्यातून तीनदाच करायचो, वीस-पंचवीस मिनिटं, मुक्कामी पोचल्यावर, अंग गरम असताना. बारा सूर्यनमस्कार. मग जोर, जितके नीट येतील तितके, तीन वेळा. सुरुवातीला हात वरच्या पायरीवर ठेवून, म्हणजे भार कमी येतो. जमेल तसं एकेक पायरी खाली. मग कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, भरलेली सॅक एका हाताने कोपर मागे नेत वर ओढायची, दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा वेळा. आणि वडाची फांदी दिसली की लोंबकळायचं. नर्मदेकाठी वडांना तोटा नाही. ओढायचा व्यायाम प्रवासात सगळ्यांचाच राहून जातो, कारण त्याला पकडायला काहीतरी लागतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. शहरांतल्या बऱ्याच बागांत आता खुल्या व्यायामशाळा असतात, तिथले बार वापरा. बैठका मी मारल्या नाहीत, पायांना पुरेसं काम होतं. तुमचा प्रवास बस-रेल्वेचा असेल तर मात्र बैठकांपासूनच सुरुवात करा. दहा-बारा तास बसून मांड्या आणि कंबर आखडतात. गाडी स्टेशनवर वीस मिनिटं थांबणार असेल तर खाली उतरून झपाझप चाला, बर्थवर पडून राहू नका.

पायांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक तिथेच माघार घेतात. पहिले दहा-बारा दिवस पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नका, कितीही उत्साह असला तरी. मी गेलो. शहाद्याकडच्या डांबरी रस्त्यावर नडगी अशी धरली की चार दिवस एका आश्रमात पडून राहावं लागलं. डांबरापेक्षा कडेची माती कधीही बरी. बूट एक नंबर मोठे घ्या, चालून पाय सुजतात. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड आणतात; लोकरीचे किंवा नायलॉन मिसळलेले घ्या. जिथे चुरचुरायला लागलं तिथे लगेच थांबून पट्टी लावा, "पुढच्या गावात बघू" म्हटलं की फोड आलाच. आणि ओझं कमी करा. मी अकरा किलो घेऊन निघालो होतो, पहिल्या पंधरा दिवसांत पाच किलो सामान वाटून टाकलं. त्यातलं काहीही नंतर आठवलंसुद्धा नाही.

पाणी: मैयाचं जल मी आचमनाला घ्यायचो, पिण्यासाठी हापशाचं पाणी क्लोरीनची गोळी टाकून. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत. एकदा जुलाब लागले की महिन्याची कमाई आठवड्यात जाते. तसं झालं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पीत राहा. चमचा चहाचा. रक्त पडलं किंवा ताप चढला तर सरळ डॉक्टरकडे.

आठवड्यातून एक दिवस आसन हलवायचं नाही, हेही मी उशिराच पाळायला लागलो. समुद्र ओलांडायच्या बोटीसाठी कठपोरला भरतीची वाट बघत दोन दिवस थांबावं लागलं, तेव्हा आधी चिडचिड झाली. पण तिसऱ्या दिवशी पाय इतके हलके उचलत होते की विश्रांती म्हणजे काय ते कळलं.

ओंकारेश्वरला परतलो तेव्हा वजन ६६ होतं आणि जोर बत्तीस निघाले. खरी चूक त्यानंतर झाली, ती तुम्ही करू नका. घरी आलो, चालणं एकदम बंद झालं, पण भूक मात्र वीस किलोमीटरचीच राहिली. दोन महिन्यांत सहा किलो वाढले आणि तेही सगळे पोटावर. परतल्यावर निदान महिनाभर सकाळचे सात-आठ किलोमीटर चालू ठेवा आणि ताटातली एक पोळी आठवड्याआड कमी करत जा.

कुठून निघताय, पायी की गाडीने, ते कळवलंत तर त्या वाटेप्रमाणे आणखी सांगता येईल.