प्रकाश ‘शोधायचा’ की ‘टिपायचा’?

प्रश्न असा आहे : गॅमा कॅमेऱ्यावरच्या (रुग्णाच्या अंगातून येणाऱ्या गॅमा किरणांवरून चित्र काढणाऱ्या यंत्रावरच्या) एका मजकुराच्या अनुवादात ‘जलद प्रकाश-शोधाचे गणिती प्रतिमान’ असं लिहिलंय. ‘डिटेक्शन’ला ‘शोध’ चालेल का?

माझ्या मते नाही. शोधायला निघावं लागतं. ‘धातुशोधक’ ठीक आहे, कारण पहारेकरी तो दांडा अंगावरून फिरवत खरंच शोधत असतो. गॅमा कॅमेऱ्यात उलट. रुग्णाच्या अंगात टोचलेल्या टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात अडकतो, तिथे निळसर-जांभळ्या प्रकाशाचे सुमारे ५,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, उधळतात, आणि स्फटिकामागे दाटीनं बसवलेल्या, प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या नळ्या आपापल्या वाट्याला येतील तेवढे घेतात. यात शोधतंय कोण?

इथे ‘टिपणे’ हवं. चिमणी दाणे टिपते ते एकेक करून. टीपकागद शाई टिपतो म्हणजे शोषून घेतो. आणि आपण वहीत टिपून ठेवतो ती नोंद. फोटॉनच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घडतात : नळीच्या तोंडावरच्या पातळ थरात तो एकटा शोषला जातो, इलेक्ट्रॉन सुटतो, नोंद होते. सांडलेले सगळे दाणे काही टिपले जात नाहीत, हेही त्या क्रियापदात आलंच. थरावर पडलेल्या फोटॉनांपैकी साधारण चौथा हिस्साच इलेक्ट्रॉन सोडवतो.

अडचण नामाची. ‘टिपक’ म्हटलं की ठिपका आठवतो, आणि ‘टिपणी’ तर भलतीच. तिथे खुशाल ‘डिटेक्टर’ लिहा.

विचारलं नाहीत, पण ‘जलद’सुद्धा चुकीच्या जागी बसलाय. तुमच्या वाक्यात प्रकाश तरी जलद होतो, नाहीतर शोध. प्रत्यक्षात घाई आहे आकडेमोडीला. माँटे कार्लो या, फासे टाकल्यासारखे यादृच्छिक आकडे वापरणाऱ्या पद्धतीत प्रत्येक फोटॉन स्फटिकाच्या भिंतींवर आपटत कुठे पोचला, याचा संगणक एकेक करून पाठलाग करतो. एका किरणामागे हजारो पाठलाग, असे लाखो किरण! जलद प्रतिमान हा पाठलागच सोडून देतं. चमक जिथे झाली तिथून कुठल्या नळीचं तोंड किती मोठं दिसतं, त्यावरून तिचा सरासरी वाटा सूत्रानं काढायचा आणि त्यावर प्वासाँच्या नियमानं (मोजणीत योगायोगानं होणाऱ्या चढउताराच्या गणितानं) थोडं कमीजास्त करायचं.

तेव्हा ‘प्रकाश टिपण्याचे जलद गणिती प्रतिमान’. ‘प्रतिमान’ जड वाटलं तर ‘मॉडेल’ लिहा, माझी हरकत नाही.