वाचकांचे प्रश्न : कुठला पक्षी कुठे राहतो आणि का

प्रश्न : आमच्याजवळचं माळरान अगदी उजाड आहे, झाड म्हणून नाही. तिथे वड-पिंपळ लावले तर पक्षी वाढतील ना?

उत्तर : प्लीज लावू नका! तुमचा हेतू चांगलाय, पण माळरान उजाड नसतं हो. माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, पखुर्डी ही सगळी मंडळी तिथलीच आहेत आणि सगळी जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकची मादी बहुतेकदा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, म्हणजे लांबून येणारा शत्रू दिसणं हाच तिचा बचाव, आणि झाडं उभी राहिली की अंडी पळवणाऱ्या कावळ्यांना आयती बसायला जागा मिळते. तणमोराचा नर तर पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून गवतातून उंच उड्या मारतो, दिवसात शेकडो वेळा, आता मधे झाडी आली तर तो दिसणार कुणाला? पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून घेतो आणि ते पाणी पिल्लांपर्यंत नेतो, हे मला आजही थक्क करतं. कागदोपत्री या जमिनीला पडीक म्हणतात त्याचा मला खरंच राग येतो. आज उरलेसुरले माळढोक बहुतेक सगळे जैसलमेरच्या बाजूला आहेत आणि तिथेही विजेच्या तारांना धडकून मरतायत, कारण त्यांना उडताना समोरचं नीट दिसत नाही. झाडं लावायचीच असतील तर जिथे जंगल तोडलं गेलंय तिथे लावा.

प्रश्न : ठाणे खाडीचं पाणी एवढं घाण, तरी रोहित म्हणजे फ्लेमिंगो तिथेच का येतात?

उत्तर : त्यांना चिखल लागतो म्हणून. उथळ पाणी, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव, चोच उलटी करून ते गाळून खातात, गुलाबी रंगही त्यातूनच येतो. स्वच्छ पण खोल तलाव त्यांच्या काही कामाचा नाही. पिल्लं मात्र इथे होत नाहीत, घरटी कच्छच्या रणात, चिखलाची. म्हणून एकच जागा वाचवून भागत नाही, दोन्ही टिकायला हव्यात.

प्रश्न : धनेशासाठी लाकडी पेटी टांगली तर तो राहील का?

उत्तर : काही ठिकाणी राहिलेत, पण पेटीने अर्धंच काम होतं. धनेश स्वतः ढोली कोरत नाही, त्याला जुन्या मोठ्या झाडातली तयार ढोली लागते. मादी आत बसून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांनाही भरवतो. एवढं खाणं आणायचं म्हणजे आसपास वड, उंबर, पिंपरी अशी फळझाडं हवीतच, ती नसतील तर पेटी रिकामीच राहणार.

प्रश्न : एखादा पक्षी वर्षानुवर्षं दिसला नाही म्हणजे संपलाच का?

उत्तर : नाही! रानपिंगळा 1884 नंतर कुणाला सापडला नव्हता, तो 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. सागाचं कोरडं, विरळ रान त्याला आवडतं आणि तो दिवसाही हिंडतो. नंतर मेळघाटातही सापडला.